उतारवय आणि कुत्र्याची सोबत

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. तो पुण्यास नोकरीला आहे. वडील तीन वर्षांपूर्वी गेले आणि आई टिळकवाडीतल्या जुन्या घरात एकट्याच राहतात. चहा पिता पिता त्याने विचारले, "सर, आईला एक कुत्रा आणून देऊ का? सोबत होईल असं सगळे म्हणतात. तुम्ही प्राणिशास्त्राचे, तुम्ही सांगा." मी क्षणभरही विचार न करता "अवश्य दे" असे सांगून मोकळा झालो.

आठ-दहा दिवसांनी त्याच्या आई मला व्हॅक्सिन डेपोच्या रस्त्याला भेटल्या. प्राथमिक शाळेत आयुष्य काढलेल्या. गल्लीत सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही म्हणतो. मला थांबवून त्या म्हणाल्या, "सर, कुत्र्याचं तुम्हीच सांगितलंत ना त्याला? माझं वय बहात्तर. गुडघे बोलतात. रक्तदाबाची गोळी चालू आहे. कुत्रा मला सांभाळणार की मी कुत्र्याला? आणि मी आधी गेले तर त्याचं काय?"

मला उत्तर देता आले नाही. कुत्र्याचे दंतसूत्र मी तीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो: कृंतक तीन-तीन, सुळा एक-एक, उपदाढा चार-चार, दाढा वर दोन व खाली तीन; दोन्ही बाजूंचे मिळून दात बेचाळीस. पण हा बेचाळीस दातांचा प्राणी वृद्ध माणसाच्या घरात आला म्हणजे त्या माणसाचे नेमके काय होते, हे मी कधी शिकविले नव्हते आणि खरे सांगायचे तर स्वतःही शिकलो नव्हतो. त्यानंतरचे चार महिने मी या विषयावर मिळेल ते वाचले. बाईंना द्यावयाचे उत्तर तयार करताना जे हाती लागले ते प्रस्तुत लेखात मांडीत आहे. आज या महाविद्यालयातील कित्येक मुलामुलींचे आजी-आजोबा असेच मोठ्या घरात एकटे असतात आणि मुले पुणे, बेंगळूर किंवा आखातात. म्हणून हा प्रश्न एका घरापुरता नाही.

माणूस आणि कुत्रा यांचा सहवास जुना आहे हे सांगण्यास शास्त्रज्ञांची गरज नाही. खंडोबाच्या, म्हणजे आपल्या कन्नड बांधवांच्या मैलाराच्या, पायाशी कुत्रा असतो. मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथे दहाव्या शतकातला एक कन्नड शिलालेख सापडला. तो आता बेंगळूरच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात आहे. रानडुकराशी झुंजताना मेलेल्या 'काळी' नावाच्या कुत्र्याचे ते स्मारक होय. मणलेर नावाच्या वीराला तो कुत्रा पराक्रमाचे बक्षीस म्हणून मिळाला होता. आणि उतारवयाचाच विचार करावयाचा तर महाभारतातील महाप्रस्थान आठवावे. वृद्ध धर्मराज हिमालयाकडे निघाला. वाटेत द्रौपदी पडली, भाऊ एकामागून एक पडले, आणि शेवटपर्यंत मागे राहिला तो एक कुत्रा. आप्त गळून गेल्यावर उरणारी सोबत म्हणजे कुत्रा, हे चित्र व्यासांच्या वेळीही नवे नसावे.

परंतु प्रेमाची गोष्ट वेगळी आणि प्रकृतीची वेगळी. कुत्र्यामुळे माणूस अधिक जगतो किंवा बरा राहतो असे म्हणावयाचे तर मोजमाप हवे. या मोजमापाची सुरुवात बहुतेक ठिकाणी अमेरिकेतील एरिका फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासापासून धरली जाते. त्याची हकीकत थोडी सविस्तर सांगतो, कारण संख्या कशी वाचावी याचा तो चांगला धडा आहे.

हे संशोधक कुत्र्यांच्या शोधात नव्हतेच. हृदयविकाराच्या झटक्यानंतर दवाखान्यातून घरी गेलेल्या रुग्णांपैकी वर्षभर कोण जगतो आणि कोण जात नाही, त्यात माणसाच्या सामाजिक परिस्थितीचा काही भाग आहे काय, हे ते पाहत होते. प्रश्नावलीत घरात पाळीव प्राणी आहे काय असाही एक प्रश्न होता. वर्षअखेरीस ९२ रुग्णांचा हिशेब लागला. त्यांपैकी ५३ जणांच्या घरी कोणता ना कोणता प्राणी होता, ३९ जणांच्या घरी नव्हता. प्राणी नसलेल्या ३९ पैकी ११ जण वारले. प्राणी असलेल्या ५३ पैकी ३. शेकडेवारी काढली तर एकीकडे सुमारे २८ आणि दुसरीकडे ६ सुद्धा नाही. कुत्र्याबरोबर चालावे लागते म्हणून फायदा झाला असेल, अशी शंका त्यांनाही आली. पण फिरवावे न लागणारे प्राणी पाळणाऱ्यांतही फायदा दिसत होता.

हे आकडे वर्तमानपत्रांना फार आवडले. पण येथेच विद्यार्थ्याने थांबावयास हवे. एक तर ९२ ही संख्या लहान. दुसरे म्हणजे, ज्याची प्रकृती मुळात बरी आहे, ज्याला उठबस करता येते, तोच प्राणी पाळतो. अंथरुणाला खिळलेला पाळीत नाही. मग प्राण्यामुळे प्रकृती बरी की प्रकृती बरी म्हणून प्राणी? ही शंका या विषयातील प्रत्येक अभ्यासाच्या मानगुटीवर बसलेली आहे, आणि ती पूर्णपणे उतरविणे आजवर कोणाला साधलेले नाही.

फ्रीडमन यांनी काम सोडले नाही. १९९५ साली त्यांनी सू थॉमस यांच्यासह ३६९ हृदयरुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या वेळी रोगाची तीव्रता वगैरे हिशेबात धरली. कुत्रा असलेल्या ८७ जणांपैकी वर्षभरात १ वारला. कुत्रा नसलेल्या २८२ पैकी १९. म्हणजे शेकडा १ आणि शेकडा ७ च्या आसपास. मांजर पाळणाऱ्यांना मात्र असा लाभ दिसला नाही. (मांजरप्रेमी वाचकांनी रागावू नये. माझ्या घरी मांजरच आहे.)

उलट बाजूचीही साक्ष आहे. २०१० साली ऑस्ट्रेलियातील गॉर्डन पार्कर यांच्या गटाने चारशेहून अधिक हृदयरुग्णांचा असाच माग ठेवला. तेथे प्राणी पाळणारेच, विशेषतः मांजरवाले, अधिक वेळा पुन्हा दवाखान्यात आले किंवा दगावले. इंग्लंडमध्ये २०१७ साली सरासरी ६७ वर्षे वयाच्या ८,७८५ लोकांची तपासणी प्रसिद्ध झाली; चालण्याचा वेग, हाताच्या पकडीचा जोर, स्मरणशक्ती, रक्तातील काही घटक अशा वार्धक्याच्या खुणा पाहिल्या, आणि प्राणी असणे व नसणे यांत सांगण्यासारखा फरक आढळला नाही. हे निष्कर्ष मी मुद्दाम देतो. या विषयावरील लोकप्रिय लेखांतून ते गाळले जातात.

मग तराजू कोणीकडे झुकतो? माझ्या मते स्वीडनच्या अभ्यासाने तो थोडा हलविला. स्वीडनमध्ये २००१ पासून प्रत्येक कुत्र्याची नोंद कायद्याने सक्तीची आहे, आणि प्रत्येक नागरिकाचे दवाखान्यातील टिपणही एका क्रमांकाने जोडलेले असते. त्यामुळे उप्साला येथील संशोधकांना कोणाच्याही दारी न जाता ४० ते ८० वयाच्या ३४ लाखांहून अधिक लोकांची बारा वर्षांची माहिती मिळाली. २०१७ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. कुत्रा असलेल्यांत मृत्यूचा धोका कमी होता. पण खरी लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढे आहे. घरात एकट्याने राहणाऱ्यांत हा फरक सर्वांत मोठा होता, सुमारे एकतृतीयांश. २०१९ साली याच नोंदींवरून हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांचा विचार झाला. एकट्या राहणाऱ्यांत कुत्रा असेल तर धोका ३३ टक्के कमी, आणि जोडीदार वा मूल घरात असेल तर कुत्र्यामुळे पडणारा फरक १५ टक्के. पक्षाघातानंतर हेच आकडे २७ आणि १२.

येथेही 'बरा माणूसच कुत्रा पाळतो' ही शंका राहतेच, आणि संशोधकांनी ती स्वतः मान्य केली आहे. त्यांच्या तक्त्यात शिकारी जातीचे कुत्रे पाळणारे सर्वांत सुखरूप दिसतात. यावरून कोणी उद्या मुधोळला जाऊन आपल्या आजोबांसाठी मुधोळ हाउंड आणू नये. जो माणूस बर्फातून शिकारी कुत्र्यामागे धावतो तो मुळातच धडधाकट असणार. तरीही एकाकी माणसाला लाभ जास्त आणि भरल्या घरातल्या माणसाला कमी, ही चढउतार नुसत्या प्रकृतीच्या फरकाने सहज उलगडत नाही. कुत्रा कोणत्या तरी रिकाम्या जागेत बसतो आहे असे तिच्यावरून वाटते.

ती जागा कोणती, हे समजून घेण्यास शरीरापासून सुरुवात करू. माणूस भीतीत किंवा काळजीत असला की अनुकंपी मज्जासंस्था जागी होते, नाडी जलद चालते, रक्तदाब चढतो, कॉर्टिसोल वाढते. थोडा वेळ हे हिताचेच. पण एकट्या वृद्ध माणसाची काळजी रात्रंदिवस मंद आचेवर चालू असते. प्रिटोरिया येथील ओडेंडाल व माइंटजेस यांनी २००३ साली १८ माणसांना कुत्र्यांना शांतपणे कुरवाळू दिले आणि आधी व नंतर रक्त तपासले. माणसाचा रक्तदाब उतरला आणि आई व तान्हे मूल यांच्या नात्यात जे ऑक्सिटोसिन काम करते ते वाढले. ते कुत्र्याच्या रक्तातही वाढले होते. म्हणजे लळा दोन्हीकडून होता. जपानमधील नागासावा यांनी २०१५ साली नुसत्या एकमेकांकडे पाहण्यानेही हे घडते असे दाखविले. माणसाने वाढविलेल्या लांडग्यांत मात्र ते घडले नाही.

चिठ्ठ्या टाकून केलेला प्रयोग या विषयात दुर्मीळ आहे, कारण कोणाच्या घरात बळेच प्राणी सोडता येत नाही. न्यूयॉर्क राज्यात कॅरन ॲलन यांनी तो केला आणि २००१ साली प्रसिद्ध केला. रक्तदाब असलेले, एकटे राहणारे, दगदगीचा धंदा करणारे ४८ शेअरदलाल निवडले. सर्वांना रक्तदाबाचे एकच औषध सुरू केले आणि चिठ्ठीने निवडलेल्या निम्म्यांना कुत्रा किंवा मांजर पाळावयास लावले. सहा महिन्यांनी विश्रांतीच्या वेळचा रक्तदाब औषधामुळे दोन्ही गटांत सारखाच उतरला होता. पण अवघड हिशेब करावयास देऊन किंवा भाषण करावयास लावून मनावर ताण आणला तेव्हा प्राणी असलेल्यांचा रक्तदाब दुसऱ्या गटाच्या मानाने बराच कमी चढला. ही मंडळी वृद्ध नव्हती हे खरे. तथापि बाईंच्या प्रश्नाचा एक तुकडा येथे सुटतो: गोळी बंद होणार नाही. गोळीचे काम गोळी करील. कुत्र्याचे काम गोळी जेथे पोचत नाही तेथे आहे.

दुसरा भाग चालण्याचा. इंग्लंडमधील लिंकनशायर, डर्बीशायर आणि केंब्रिजशायर या परगण्यांत ६५ वर्षांवरील ४३ कुत्रेवाले आणि त्यांच्याशी जुळणारे ४३ बिनकुत्र्याचे लोक निवडून त्यांना हालचाल मोजणारे यंत्र लावले होते. २०१७ सालच्या या अहवालात कुत्रेवाले दिवसाला सरासरी २२ मिनिटे अधिक चालत होते, म्हणजे २,७६० पावले जास्त. आठवड्याला दीडशे मिनिटे बऱ्यापैकी वेगाने चालावे असे डॉक्टर सांगतात. ती मर्यादा एवढ्यानेच गाठली जाते. त्याच वर्षी नॉरफोक परगण्यातील तीन हजारांहून अधिक वयस्क लोकांचा अभ्यास आला. थंडी-पावसाच्या वाईटात वाईट दिवशीसुद्धा कुत्रा फिरविणारे लोक, चांगल्यात चांगल्या दिवशीच्या बिनकुत्र्याच्या लोकांहून अधिक हालचाल करीत होते. जून ते सप्टेंबर बेळगावचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे त्यांना या वाक्याचे मोल कळेल. आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळात मे अखेर चौदा जण असतात. मृग लागले की चार उरतात, आणि पोळ्यापर्यंत आम्ही सगळे गुडघ्याची तक्रार घेऊन घरी बसतो.

परंतु मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो तिसरा भाग, कारण त्याचा कुत्र्याशी संबंध आहे हे आपल्या ध्यानातच येत नाही. लंडनच्या हाइड पार्कमध्ये मेसेंट नावाच्या संशोधकाने कुत्र्यासह आणि कुत्र्याविना फिरणाऱ्यांचा पाठलाग करून नोंद ठेविली (१९८३). कुत्रा बरोबर असला की अनोळखी माणसे थांबत, बोलत. मॅक्निकोलस आणि कॉलिस यांनी २००० साली त्यात एक गमतीचा फेरफार केला. एकच माणूस कधी नीटनेटक्या पोशाखात, कधी गबाळ्या कपड्यांत. कधी कुत्र्यासह, कधी एकटा. कुत्राही असा शिकविलेला की तो होऊन कोणाच्या अंगाशी जाणार नाही. चांगल्या कपड्यांनी फरक पडला, पण कुत्रा असणे आणि नसणे यांतील फरक कपड्यांच्या फरकाहून मोठा निघाला. फाटक्या कोटातील माणसाशीही लोक बोलले, कारण त्याच्याबरोबर कुत्रा होता.

याच जातीचा एक जुना प्रयोग कुत्र्याचा नाही, तरी येथे सांगितलाच पाहिजे. मगफर्ड आणि मॅक्कॉमिस्की यांनी १९७५ साली इंग्लंडमधील पंचाहत्तरीच्या पुढील पेन्शनर लोकांपैकी काहींना लहान पोपटासारखा पक्षी दिला आणि काहींना बेगोनियाची कुंडी दिली. काही महिन्यांनी पाहिले तो कुंडीवाल्यांत फारसा फरक नव्हता. पक्षीवाल्यांच्या घरी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्यांशी होणारे बोलणे बदलले होते. पूर्वी दुखण्याविषयी बोलत, आता पक्ष्याविषयी बोलत होते. लोक मोजके होते, म्हणून यावरून मोठा सिद्धांत बांधता येणार नाही. पण वृद्ध माणसाला भेटावयास जाऊन अर्धा तास औषधांची यादी ऐकली आहे अशा कोणालाही तो खोटा वाटणार नाही. वृद्धाला सांगण्यास दुसरे काही नसते हे त्यात खरे दुःख. काल जे घडले तेच आज घडते. दुखणेच तेवढे रोज नवे असते. कुत्रा रोज काही तरी करून ठेवतो.

कॅलिफोर्नियात ज्युडिथ सीगल यांनी ९३८ वृद्धांचा वर्षभर माग ठेविला (१९९०) तेव्हा प्राणी पाळणारे डॉक्टरकडे कमी वेळा गेले. आप्ताचा मृत्यू वगैरे आघात झाले की इतरांच्या डॉक्टरकडील फेऱ्या वाढत. कुत्रेवाल्यांच्या वाढत नसत. टोकियोत ६५ वर्षांवरील अकरा हजारांहून अधिक लोकांच्या २०२३ सालच्या अभ्यासात कुत्रेवाल्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले, आणि हा लाभ नियमित चालणाऱ्या व लोकांत मिसळणाऱ्या कुत्रेवाल्यांत अधिक ठळक होता. कुत्रा साखळीला बांधून स्वतः आरामखुर्चीत बसणाऱ्याला तो मिळत नाही, असाच याचा अर्थ मी लावतो.

आता एक आक्षेप. हे सारे अभ्यास अशा देशांतले की जेथे कुत्रा गालिच्यावर झोपतो. आपल्याकडे कुत्र्याची जागा अंगणात; सोवळ्याओवळ्याच्या घरात तो उंबरठा ओलांडीत नाही. मग हे निष्कर्ष आपल्याला लागू पडतील काय? मी यावर बराच विचार केला. फिरणे आणि गल्लीत बोलणे होणे यांसाठी कुत्रा स्वयंपाकघरात यावा लागत नाही. कुरवाळणे पायरीवर बसूनही होते. आणि एक लाभ तर मोजमापात सहसा येतच नाही: ठरलेल्या वेळेला कोणी तरी आपली वाट पाहते. निवृत्त माणसाच्या दिवसाला कडा नसतात. साडेसहाला कोणी दार खरवडू लागले की कड येते.

परंतु "अवश्य दे" म्हणताना मी जे विसरलो होतो ते बाई विसरल्या नव्हत्या. पडण्याची भीती खरी आहे. अमेरिकेत ६५ वर्षांवरील माणसे साखळीने कुत्रा फिरविताना पडून हाड मोडल्याच्या घटना २००४ मध्ये सुमारे १,६७० होत्या. २०१७ मध्ये त्या ४,३९६ झाल्या. त्यांत चारपैकी तीनहून अधिक बायका, आणि खुब्याचे हाड मोडलेल्यांचे प्रमाण शेकडा १७. या वयातील स्त्रियांची हाडे विरळ झालेली असतात, आणि खुबा मोडलेली वृद्ध स्त्री पुष्कळदा पुन्हा पूर्ववत चालू शकत नाही. म्हणून मुलांनी हौसेने आणलेले लॅब्रडॉरचे पिल्लू मला या वयाला घातक वाटते. वर्षात ते तीस किलोचे होते आणि मांजर दिसले की धावते. शिवाय पिल्लू चावून चावून दात काढते, रात्री रडते, सर्वत्र ओले करते. तान्ह्या मुलाची उस्तवार बहात्तराव्या वर्षी गळ्यात घालण्यासारखेच हे. तीन-चार वर्षांचा, स्वभाव ठरलेला, बेताच्या अंगाचा देशी कुत्रा शतपटीने बरा; त्याला आपली हवा मानवते, केस कमी, खाण्याचे लाड नाहीत.

दुसरी गोष्ट रेबीज. तीन महिन्यांच्या वयापासून लस आणि मग दरवर्षी; यात हयगय नको. पाळलेल्या कुत्र्याचाही दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, चुना, मिरची काही लावू नये. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांना नुसत्या ओरखड्यानेही बरेच रक्त जाते, हे ध्यानात ठेवावे. जंतांचे औषध दर तीन महिन्यांनी द्यावे आणि पावसाळ्यात गोचीड पाहावे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ साली या सर्व संशोधनाचा आढावा घेऊन असे मत दिले की कुत्रा पाळण्याने हृदयरोगाचा धोका कमी होत असावा, पण केवळ त्या हेतूने कोणी कुत्रा आणू नये. मला हे मत समतोल वाटते. औषध म्हणून आणलेला कुत्रा आवडला नाही तर बाटलीसारखा फळीवर ठेवता येत नाही.

राहिला बाईंचा शेवटचा प्रश्न: मी आधी गेले तर? त्यावर संशोधन मला काहीच देऊ शकले नाही.

हे सारे मी शिमग्याच्या सुमारास बाईंच्या घरी जाऊन सांगितले. चिरंजीवही आला होता. त्याने फोनवर लॅब्रडॉरच्या पिल्लाचे चित्र आणले होते. बाईंनी ते लांब धरून पाहिले, छान आहे म्हणाल्या, आणि बाहेर कट्ट्याकडे बोट दाखविले. तेथे एक काळा कुत्रा झोपला होता. गल्लीतलाच. दोन वर्षे त्या त्याला संध्याकाळी अर्धी भाकरी घालीत होत्या, हे मुलाला ठाऊक नव्हते. "पाळायचाच तर हा पाळते," त्या म्हणाल्या, "पण आधी समोरच्या अक्कांना विचारू दे." समोरच्या कन्नड अक्काही त्याला भात घालीत, त्या त्याला करिया म्हणत, या काळ्या म्हणत, आणि तो दोन्ही नावांना येई. वीस वर्षे त्या दोन बायका समोरासमोर राहत होत्या आणि बोलणे म्हणजे सणाला तिळगूळ देण्याघेण्यापुरते. त्या संध्याकाळी दोघी कट्ट्यावर तासभर बसल्या. ठरले ते असे: कुत्रा बाईंच्या अंगणात राहील, बाई गावाला गेल्या तर अक्कांकडे; आणि बाईंचे काही बरेवाईट झाले तर अक्कांचा नातू त्याला ठेवून घेईल. नातू आपल्याच महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या चार महिन्यांच्या वाचनात नव्हते ते उत्तर त्या दोघींनी तासाभरात काढले.

पशुवैद्याकडे नेऊन नसबंदी झाली, लस झाली, गळ्यात पट्टा आला. साखळीऐवजी बाई रुंद सुती पट्टी वापरतात आणि ती मनगटाला गुंडाळीत नाहीत, एवढे माझे त्यांनी ऐकले. गुडघे बोलतातच. गोळीही तेवढीच आहे. विद्यार्थी परवा सांगत होता, "सर, पूर्वी आईचा फोन गुडघ्यापासून सुरू व्हायचा. आता काळ्यापासून होतो. गुडघा येतो, पण शेवटी."

श्रावणातल्या एका सकाळी झिमझिम चालू असताना मी छत्री घेऊन डेपोच्या बाजूला गेलो. आमच्या मंडळापैकी कोणी नव्हते. बाई होत्या, रबरी तळाचे बूट घालून. मागून अक्का "करिया, बा बा" करीत येत होत्या. बाईंनी मला थांबविले. "सर, तुम्ही प्राणिशास्त्राचे. याचं वय नक्की किती असेल?"

मी वाकून त्याचा ओठ वर केला. त्याने करू दिले. पुढचे दात थोडे झिजलेले, सुळे अजून धारदार. "पाच असावं," मी म्हणालो. "नीट ठेवलात तर अजून सात वर्षं काढील."

बाईंनी बोटांवर मोजले. "म्हणजे मी ऐंशीची," असे म्हणून त्या चालू लागल्या, कारण काळ्या पुढे ओढीत होता.